प्रसूती रजेनंतर कामावर परतणाऱ्या महिला कामगारांचे हक्क : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वाहन व सुटे भाग उद्योगांत कायम कामगारांबरोबरच ठेकेदाराकडे अथवा ठरावीक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या महिलाही आहेत. रजा मिळाली तरी परतल्यावर काम टिकेल काय, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होय.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मूळ हक्क मात्र कायम राहिले. प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या महिलेस २६ आठवड्यांची, तर दोन अपत्ये हयात असल्यास १२ आठवड्यांची सवेतन रजा मिळते. कर्मचारी राज्य विमा योजनेतील महिलेस ही रक्कम त्या योजनेच्या अटींनुसार महामंडळ देते. रजेच्या काळात कामावरून काढणे अथवा सेवाशर्तींत अहितकारक बदल करणे बेकायदेशीर आहे. परतल्यानंतर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दोन जादा सुट्ट्या, तसेच ५० वा अधिक कर्मचारी असल्यास पाळणाघर व तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा आहे.

रोजंदारी कामगारांनाही हा लाभ मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिका प्रकरणात २००० मध्ये ठरविले. कराराची मुदत संपली तरी पूर्ण लाभ देय राहतो, हे डॉ. कविता यादव प्रकरणात २०२३ मध्ये स्पष्ट झाले. तथापि, त्यामुळे कराराची मुदत वाढत नाही. सारांश, कंत्राटी महिलेची रक्कम सुरक्षित झाली, नोकरी नव्हे. म्हणूनच रजेच्या लेखी सूचनेची पोच व कराराची प्रत जपून ठेवणे तिच्या हिताचे ठरते.