काळजी घेणाऱ्यांची काळजी

घरात आजारी आजी असो वा विशेष मूल, सगळे विचारतात, "पेशंट कसा आहे?" सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नाही. सतत चिडचिड, झोप न लागणं, 'मीच कमी पडते' असं वाटणं हा स्वभावदोष नव्हे, ताण आहे. तो हलका करायला शिकता येतं.

इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी 'स्टार्ट' नावाचा 8 सत्रांचा कार्यक्रम झाला. रुग्ण असं का वागतो हे समजून घेणं, मनातले टोकाचे विचार तपासणं, मदत मागणं, शरीर सैल सोडणं आणि स्वतःसाठी वेळ काढणं त्यात शिकवलं. नैराश्य कमी झालं; 2 वर्षांनंतरही फरक टिकला.

पालकसभेत अशी आई भेटली, तर मुलाआधी तिला विचारूया, "ताई, तुम्ही कशा आहात?" गरज वाटली तर 'टेलि-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांकही द्या.