विश्लेषण : कृष्णेत नेमके पाणी किती?

विजयवाड्याच्या बंधाऱ्यावर मोजलेला प्रवाह म्हणजे कृष्णेचे सगळे पाणी नव्हे. तिथवर पोहोचण्याआधीच ते अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर येथे अडते, कालव्यांतून शेतात जाते. कोयनेचे बरेचसे पाणी तर वीज तयार करून पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते. नुसती नोंद पाहिली तर नदीच आटत चालली असे वाटेल.

उलटा हिशेब कसा?

मोजलेल्या प्रवाहात वरच्या भागातील वापर, जलाशयांचे बाष्पीभवन आणि वाढलेला साठा मिळवतात. साठा घटला असेल तर वजा करतात. शेतातून पाझरून नदीत परतलेले पाणीही वजा होते, अन्यथा ते दोनदा मोजले जाईल. खरी गोम वापरात आहे. धरणाची पातळी रोज लिहिली जाते, पण नदीकाठच्या पंपांनी किती उपसले ते अंदाजानेच धरावे लागते.

फरक केवढा पडतो?

बच्छावत लवादाने १८९४-९५ पासूनची ७८ वर्षे धरली. चारपैकी तीन वर्षे हमखास मिळणारे पाणी २,०६० टीएमसी निघाले. ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ पासूनची ४७ वर्षे घेतली आणि आकडा २,१७३ झाला. वाढलेले ११३ टीएमसी म्हणजे काठोकाठ भरलेल्या कोयना धरणापेक्षाही जास्त पाणी.