एका कॅसेटच्या दोन बाजू

माझ्या कपाटात साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. एका बाजूला कंपनीने काढलेली भावगीते, दुसऱ्या बाजूला माझ्या अम्माच्या जात्यावरच्या ओव्या. १९९६ मध्ये कोरी कॅसेट हाताशी नव्हती. विकतच्या कॅसेटवरचे पुसले जाऊ नये म्हणून तिच्या कडेला खाच असते. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि गाण्यांवरच अम्माचा आवाज भरून घेतला. आज अम्मा नाही.

कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली लोहाच्या संयुगाची भुकटी. दमट हवेत तिला बुरशी धरते, थर सुटतो, आवाज दबत जातो. म्हणून ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, ओव्या करून देतो. पण पलीकडची गाणी कुणाच्या मालकीची?"

प्रश्न रास्त होता. एका गाण्यात निदान तीन हक्क असतात: कवीच्या शब्दांचा, संगीतकाराच्या चालीचा आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६० सालच्या तबकडीवरचा तो हक्क २०२० अखेर संपला. पण म्हणून गाणे मोकळे झाले असे नाही. त्याचा कवी १९९० मध्ये वारला असेल, तर शब्दांवरचा हक्क २०५० अखेरपर्यंत राहतो.

मग घरातली कॅसेट आपण नव्या साधनावर घेऊच नये का? खासगी वापरासाठी केलेल्या रास्त उपयोगाला कायद्यात सूट आहे. मात्र दुकानदार पैसे घेऊन प्रती काढतो तेव्हा तो धंदा होतो, आणि अशा धंद्याला उघड परवानगी देणारे कलम कायद्यात नाही. तीच प्रत संगणकात ठेवून चार गिऱ्हाइकांना विकली, तर शंकेला जागाच उरत नाही. जाणूनबुजून केलेल्या अशा उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. ती भावगीते बाजारात मिळत होती. मी ती विकत घेतली.

ओव्या उतरवून झाल्यावर दुकानदार हळूच म्हणाला, "असले आता कुठे ऐकायला मिळते? एक प्रत माझ्याकडे ठेवू का? कुणी मागितली तर देईन."

क्षणभर बरे वाटले. परंपरेतल्या ओव्यांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही, हे खरे. पण गाणाऱ्याच्या गाण्यावर कायद्याने ५० वर्षांचा हक्क दिला आहे. अम्माच्या बाबतीत तो २०४६ अखेरपर्यंत चालेल. आणि मी स्वतः कवी. माझी कविता विचारल्याशिवाय कुणी छापली की मी चिडतो. मग अक्षरही न शिकलेल्या माझ्या आईचा आवाज काउंटरवर ठेवून कसा येऊ?

मी नको म्हटले. त्याने माझ्यासमोर संगणकातली प्रत पुसली. दोन प्रती बहिणींना दिल्या. आवाज वाचवायला दुकानात जरूर जा. पण निघताना एवढे विचारा, "तुमच्याकडे प्रत राहिली का?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)