तलाव साफ करायचा म्हणजे काय काढायचे, काय लावायचे?

घरामागच्या पोहण्याच्या तलावातील पाणी हिरवे पडले, की ते उपसून, तळ घासून आणि क्लोरीन टाकून पुन्हा निळे करता येते. तेथे स्वच्छतेचा अर्थ एकच असतो, पाण्यात काहीही जिवंत उरू नये. भंडारा जिल्ह्यात गावाच्या पाठीशी, धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला जे शेकडो जुने तलाव आहेत, त्यांना हाच अर्थ लावला तर मोठा घोळ होतो. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला असा तलाव उपसला, खरवडला आणि कोरा करकरीत केला, तरी तो साफ होतो इतकेच; जिवंत होत नाही.

या तलावांना सरकारी दप्तरात आणि बोलण्यातही 'मामा तलाव' म्हणतात. नात्यातल्या मामाशी त्याचा काही संबंध नाही. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची ती आद्याक्षरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सुमारे सात हजार तलाव असल्याचे सांगितले जाते. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, अशी सवलत मिळाली आणि कोहळी समाजाने त्या कामात विलक्षण कौशल्य दाखवले. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो, तो याच परंपरेतला. उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालायची, पाणी सोडण्यासाठी तुडूम ठेवायचे आणि जादा पाणी सलंगावरून पुढे काढून द्यायचे, अशी साधी पण अचूक रचना. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात उतरते आणि साऱ्या शिवाराची धानशेती त्यावर उभी राहते.

मध्य प्रदेशच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१मध्ये हे तलाव सरकारजमा झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी जाणे योग्यच होते; त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण मालकी बदलताना दरवर्षी पाळीवर माती टाकणारे, तुडूम दुरुस्त करणारे गावचे हातही बाजूला झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आले. कालवे आले, बोअर झाले आणि तलावाकडे पाठ फिरली.

पाठ फिरली, की पहिला पाहुणा येतो तो बेशरम. जांभळट गुलाबी फुलांचे हे झुडूप मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. त्याच्या पानांत विष असल्याने गुरे तोंड लावत नाहीत. पाण्यात तगते, कोरड्यातही तगते. कापून फेकलेल्या फांदीचा तुकडाही चिखलात मूळ धरतो, आणि हे नाव त्याला मिळाले ते त्यामुळेच. म्हणून कोयत्याने केलेली साफसफाई हा बहुधा त्याच्या लागवडीचाच कार्यक्रम ठरतो. ते उन्हाळ्यात, पाणी हटल्यावर, मुळासकट उपटावे लागते आणि काठावर न टाकता दूर नेऊन वाळवून जाळावे लागते. पुढची दोन-तीन वर्षे नव्या फुटव्यांवर नजर ठेवणे हा कामाचाच भाग. खर्च नेमका येथे विसरला जातो, कारण उद्घाटन पहिल्याच वर्षी होऊन गेलेले असते.

परंतु बेशरम गेल्यावर उरते ते उघडे पाणी. खरा प्रश्न येथे सुरू होतो. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढीवर समाजाच्या सोबतीने या तलावांवर जे काम केले, त्याचे महत्त्व यातच आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील निमगावचा नव तलाव हे त्याचे ठळक उदाहरण. हा तालुका १९९९मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच होता. तेथे बेशरम काढल्यावर काम थांबले नाही. उथळ भागाची नांगरट करण्यात आली आणि पाणी भरल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या स्थानिक पाणवनस्पती मुद्दाम लावण्यात आल्या. शहरी वाचकाला हे विचित्र वाटेल. शेवाळ-गवत काढायला गेलेली माणसे पुन्हा गवत लावून आली!

यामागचे कारण माशांच्या संसारात आहे. मरळ, शिंगी, मागूर यांसारखे गावठी मासे तलावाच्या उथळ, वनस्पतींच्या आडोशाच्या पाण्यात अंडी घालतात आणि पिले तेथेच वाढतात. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालण्यासाठी वाहते पाणी लागते; साठलेल्या तलावात ते वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. त्यामुळे त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. अनेक ठिकाणी ग्रास कार्पही सोडला गेला. तो पाणवनस्पती खातो, म्हणजे गावठी माशांचे घरच खातो. तलाव ठेक्याने घेणाऱ्या ढीवरांच्या सहकारी संस्थेच्या हिशेबात हा फरक थेट उतरतो. एकीकडे दर पावसाळ्याचा बीजखर्च आणि दुसरीकडे काहीही न सोडता जाळ्यात येणारा, बाजारात चढ्या भावाने जाणारा मासा. वनस्पती आल्या की कीटक येतात, मागोमाग पाणकोंबड्या आणि कमळपक्षी येतात. पण ढीवर स्त्रियांनी चिखलात उतरून ही रोपे लावली, ती पक्ष्यांपेक्षा घरातल्या चुलीसाठी.

गाळाविषयी मात्र सावध राहावे लागते. राज्यात २०१७पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तलावांचा गाळ शेतात जाऊ लागला, हे स्वागतार्हच. जेथे साठवण खरोखर घटली आहे तेथे गाळ निघालाच पाहिजे. पण यंत्र एकदा तलावात उतरले, की घनमीटरवर देयक निघते आणि घनमीटरला उथळ काठ व खोल डोह यांतला फरक कळत नाही. काठ सरसकट खोदला तर सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही आणि वनस्पती रुजत नाहीत. तळाचा चिकण थर फुटला तर पाणी झिरपून जाते, आणि मग जास्त खोल तलावात कमी दिवस पाणी राहते. कोठे खणावे, कोठे हात लावू नये, हे गावातल्या मासेमाराला अंदाजपत्रक करणाऱ्यापेक्षा बरेचदा अधिक नेमके ठाऊक असते. त्याची सही मात्र त्या कागदावर कोठेच लागत नाही.

कामाचे वेळापत्रकही सरकारी वर्षाशी जुळणारे नाही. बेशरम उपटायची ती एप्रिल-मे महिन्यांत, नांगरट मृगाच्या आधी आणि रोपांची लावणी पाणी स्थिरावल्यावर, नेमक्या त्याच दिवसांत जेव्हा गावातला प्रत्येक हात धानाच्या रोवणीत गुंतलेला असतो. मार्चअखेर खर्ची पडणाऱ्या निधीतून झुडूप निघते, लावणीपर्यंत पैसा उरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठावर पुन्हा जांभळट गुलाबी फुले दिसू लागतात.