मेंदी, गोंदण आणि त्वचेचा धडा

शरीरातला सर्वांत मोठा अवयव कोणता, असे सहावी-सातवीच्या मुलांना विचारून पाहा. कुणी पोट म्हणेल, कुणी पाय. कातडी हाही एक अवयव आहे, हे चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रौढ माणसाची त्वचा पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल, म्हणजे एका माणसाच्या खाटेएवढी.

वर्गात हा धडा बहुधा फळ्यावरच्या आकृतीपासून सुरू होतो. बाण काढायचे, नावे लिहायची. नावे पाठ होतात, पण ती आपल्याच हाताची आहेत हे मुलांना जाणवत नाही. मला वाटते, हा धडा मेंदीपासून सुरू करावा.

ईदला किंवा लग्नाला काढलेली मेंदी दोन-तीन आठवड्यांत का जाते? आणि आजीच्या हातावरचे गोंदण जन्मभर का टिकते? मेंदीचा रंग मुरतो तो बाह्यत्वचेच्या अगदी वरच्या पापुद्र्यात. तिथल्या पेशी मृत असतात. नव्या पेशी खाली जन्मतात, हळूहळू वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात झडून जातात. त्यांच्याबरोबर मेंदीही जाते. तळहातावर हा पापुद्रा जाड असतो, म्हणून तिथे ती जास्त रंगते. गोंदणाची सुई मात्र खाली अंतस्त्वचेत उतरते. रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथी तिथेच असतात, वेदना जाणणारे मज्जातंतूही तिथूनच जातात. म्हणून गोंदताना दुखते आणि रक्त येते. तिथल्या पेशी रंगाचे कण धरून ठेवतात, ते झडत नाहीत. या दोन थरांच्या खाली चरबीची गादी असते. झाली की आकृती पूर्ण!

त्वचेची कामे शिकवायला आपली भाषाच मदतीला येते. ‘अंगावर काटा आला’ असे आपण म्हणतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक चिमुकला स्नायू असतो. थंडीने किंवा भीतीने तो आखडतो आणि केस उभा राहतो. मांजर फुगते तेही याच स्नायूंमुळे. ‘घाम गाळणे’ म्हणजे कष्ट करणे. आपल्या अंगावर घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी आहेत. माठातले पाणी जसे पाझरून आणि वाळून गार होते, तसेच घाम वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. उन्हाळ्यात वर्गात माठ असतोच, तोच प्रयोग समजावा.

पण या धड्यातला सर्वांत मोलाचा भाग रंगाचा आहे, आणि नेमका तोच एका वाक्यात उरकला जातो. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोरा असो वा काळा, या पेशींची संख्या सर्वांमध्ये जवळपास सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिन किती आणि कोणत्या प्रकारचे बनते यात. हे मेलॅनिन शेजारच्या पेशींत जाते आणि त्यांच्या केंद्रकावर छत्रीसारखे बसते. उन्हातले अतिनील किरण ते अडवते. म्हणजे काळा रंग हा डाग नव्हे, ती उन्हातली सावली आहे. ज्या मुलीला घरात ‘काळी’ म्हणून हिणवतात, तिला हे विज्ञानाच्या तासाला कळायला हवे. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. पण मनातला ‘फेअर’ असा पाटी बदलून जात नाही.

तसेच कोडाचे. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून रंग बनवणाऱ्या पेशींवरच हल्ला करते आणि पांढरे चट्टे उमटतात. कोड स्पर्शाने पसरत नाही. ते पापाचे फळ नाही, की मासे-दूध एकत्र खाल्ल्याचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा २००६ चा चित्रपट याच विषयावर आहे, तो मुलांना जरूर दाखवावा. मात्र चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो, हेही मुलांना सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

परीक्षेत त्वचेच्या थरांवर प्रश्न येईल, त्याचे गुण मिळतील. पण कोड असलेल्या मुलाशेजारी बाकावर कुणी बसायला तयार नसेल, तर धडा शिकवून व्हायचा बाकी आहे असे समजावे. शिक्षकांनी आधी स्वतः त्या बाकावर बसावे, त्या मुलाचा हात हातात घ्यावा आणि मग त्वचेची आकृती काढायला घ्यावी.