आधी निचरा, मग खत
खाडीकाठच्या भाजीमळ्याची सुपीकता कशी घडते

खारबाव हे भिवंडी तालुक्यातलं, वसई–दिवा रेल्वेमार्गावरचं गाव. एका अंगाला खाडी आणि तिच्यालगतची खारी जमीन, दुसरीकडे भातखाचरं आणि त्यांच्यावर वरकस. भात कापून झालं की खाचरात ओल असते तोवर वाल टोकून घ्यायचा, ही या पट्ट्यातली जुनी रीत. पाण्याची सोय असेल तर वांगी, मिरची, काकडी, पालेभाज्याही होतात. ठाणे, कल्याण, वसई, मुंबई हे सगळे बाजार हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे इथल्या पाच-दहा गुंठ्यांच्या मळ्यालाही मोल आहे.

पण खाडीकडच्या मळ्यात एक गोष्ट हमखास घडते. दिवाळीनंतर जोमानं वाढलेली रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंटतात, पानांच्या कडा करपतात, फुलं गळतात. खत कमी पडलं असं वाटून आणखी एक गोणी टाकली जाते आणि रोपं आणखी करपतात. या जमिनीची सुपीकता खतापासून सुरू होत नाही. ती पाण्यापासून सुरू होते. म्हणून इथे कामांचा क्रम महत्त्वाचा: आधी निचरा, मग आच्छादन, मग कंपोस्ट आणि शेवटी पिकाचं खत.

मीठ वर कसं येतं

खाडीकाठच्या चिकण मातीत खाली खारं पाणी असतं. पावसाळ्यात वरून गोडं पाणी सतत मुरत असल्यानं ते खालीच दबलेलं राहतं. पाऊस थांबला, ऊन तापलं की वरची माती सुकते आणि मातीच्या बारीक पोकळ्यांतून खालचं पाणी वर ओढलं जातं. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहतं. दिवसेंदिवस हे चालू राहिलं की एप्रिलपर्यंत जमिनीवर पांढरी पापडी दिसू लागते.

मुळाजवळच्या पाण्यात मीठ वाढलं की ते पाणी ओढून घ्यायला मुळाला जास्त जोर लागतो. माती हाताला ओली लागते, तरी रोप तहानेलं राहतं. रासायनिक खत हेही एक मीठच आहे, म्हणून करपलेल्या रोपाला खताचा जादा हप्ता दिला की त्याची तहान वाढते. मिठातला सोडियम आणखी एक नुकसान करतो. मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्याच्या वाटा बुजतात आणि जमीन ओली असताना चिखल, सुकल्यावर दगड होते.

आकडा नीट वाचा

मातीतले विद्राव्य क्षार विद्युत वाहकतेवरून, म्हणजे ईसीवरून मोजतात. संपृक्त मातीच्या अर्काची ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. भाजीला मात्र त्याआधीच फटका बसतो. घेवडा आणि गाजर १ च्या पुढे घटू लागतात, कांदा आणि मुळा १.२ च्या, ढोबळी मिरची १.५ च्या, पालक २ च्या, टोमॅटो आणि काकडी २.५ च्या आसपास. बीट ४ पर्यंत तग धरतं. मर्यादा ओलांडल्यावर प्रत्येक एका अंकाला घेवड्याचं उत्पन्न सुमारे १९ टक्क्यांनी आणि टोमॅटोचं सुमारे १० टक्क्यांनी घटतं. तेव्हा खाडीला अगदी लागून असलेल्या तुकड्यात घेवडा लावणं म्हणजे हरणारी पैज. तिथे बीटला संधी जास्त.

एक खबरदारी घ्या. अनेक प्रयोगशाळा १ भाग माती आणि २.५ भाग पाणी मिसळून ईसी मोजतात. त्यात क्षार पातळ होतात, म्हणून आकडा संपृक्त अर्कापेक्षा कमी येतो. अहवालात १.५ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, कोणत्या पद्धतीनं मोजलं ते विचारा. नमुने ऑक्टोबरात आणि मेमध्ये, असे दोनदा काढा, आणि ० ते १५, १५ ते ३० व ३० ते ६० सेंटिमीटर अशा तीन खोलींवरून काढा. मीठ कुठे आहे आणि कधी वर येतं, हे त्याशिवाय कळत नाही. अशा जमिनींच्या प्रश्नांवर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र काम करतं. सल्ल्यासाठी ते जवळचं ठिकाण आहे.

पावसाला काम करू द्या

ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण २,५०० मिलिमीटर, म्हणजे आठ फुटांहून जास्त पाऊस पडतो. ढोबळ नियम असा, की एक फूट मातीतून एक फूट गोडं पाणी खाली निथरून गेलं तर तिच्यातले सुमारे ८० टक्के विद्राव्य क्षार धुतले जातात. म्हणजे धुण्यासाठी पाणी भरपूर आहे. अडतं ते निथरण्यापाशी. पाणी वरून वाहून गेलं किंवा शेतातच तुंबून राहिलं तर मीठ जिथल्या तिथे राहतं.

म्हणून पहिला खर्च बांधावर आणि चरावर करा. खाडीच्या बांधातली उघाडी भरतीच्या वेळी बंद होऊन ओहोटीला उघडली पाहिजे, तरच शेतातलं पाणी बाहेर जाईल आणि खाडीचं आत येणार नाही. नादुरुस्त उघाडीतून एकदा खारं पाणी शिरलं की वर्षाची मेहनत जाते. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. गावानं मिळून आणि खारभूमी कार्यालयाच्या मागे लागूनच ते होतं. शेताच्या आत मात्र आपल्या हातात पुष्कळ आहे. मेमध्ये उभी-आडवी नांगरट करा, खाचराचे बांध पक्के करा म्हणजे पाऊस आत थांबून मुरेल, आणि कडेनं गुडघाभर खोल चर काढून तो ओहोळाला जोडा. पावसाळ्यात भात घ्या. उभ्या पाण्यातलं भात हे या जमिनीचं धुणंच आहे.

जिप्सम सरसकट टाकू नका. मातीच्या कणांवर सोडियमचा वाटा १५ टक्क्यांच्या वर गेला असेल, तरच त्याचा उपयोग. नुसतं मीठ असेल तर पाऊस आणि निचरा पुरतो.

पेंढ्याचा पहिला मान आच्छादनाला

झोडणी झाली की हातात पेंढा येतो. चांगला पेंढा गुरांना जातो किंवा विकला जातो. भिजलेला, काळा पडलेला उरतो. त्यानं कंपोस्टची टाकी भरायची घाई करू नका. तो आधी भाजीच्या ओळींत दोन-तीन इंच जाड पसरा. ऊन थेट मातीवर पडलं नाही की बाष्पीभवन घटतं, आणि ते घटलं की मीठ वर येण्याचा वेगही घटतो. खाऱ्या जमिनीत आच्छादनानं पाणी वाचतंच, शिवाय मीठही खाली राहतं.

लागवडीची जागाही पाहून निवडा. सरी-वरंब्यात पाणी सरीतून वरंब्याच्या माथ्याकडे सरकतं आणि माथ्यावरून उडून जातं, त्यामुळे मीठ माथ्यावर साठतं. रोप माथ्यावर न लावता वरंब्याच्या बगलेला, सरीच्या पाण्याच्या रेषेशी लावा. ठिबक असेल तर मीठ ओल्या वर्तुळाच्या कडेला जमतं. अवकाळी पावसाची हलकी सर आली तर तेच मीठ धुऊन मुळाकडे येतं, म्हणून अशा वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवा. विहिरीच्या पाण्याची ईसीही उन्हाळ्यात पुन्हा तपासा. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. शेजारच्या वसईत वाड्यांमधली बावखलं गोडं पाणी साठवून हाच धोका दूर ठेवत आली आहेत. ती बुजवू नयेत असं मला कळकळीनं वाटतं.

नाडेपची टाकी, इथल्या हिशेबानं

शेतातल्या काडीकचऱ्याचं शिस्तीनं खत करण्याची आधुनिक पद्धत आपल्या शेजारीच घडली. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी ती बसवली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी कमी शेणात जास्त खत देणारी टाकी उभी केली. तीच नाडेप पद्धत.

टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांची आणि भिंतींत हवेसाठी भोकं ठेवलेली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर, असे थर चढवत जायचं. एका टाकीला साधारण १,४०० ते १,५०० किलो कचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारे १,७५० किलो माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. वरून शेणमातीनं लिंपायचं. तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत मिळतं.

खारबावला यात तीन बदल हवेत. पहिला, मातीचा. टाकीत कचऱ्याहून माती जास्त जाते. ती खाडीकडची घेतली तर मीठच खत म्हणून परत शेतात जाईल. माती वरकसची घ्या. दुसरा, पाणी गोडं वापरा. तिसरा, टाकी उंचवट्यावर बांधा आणि पावसाळ्यात वर छप्पर घाला, नाहीतर नत्र आणि पालाश पावसाबरोबर वाहून जातात.

राबासाठी जाळला जाणारा पालापाचोळाही शक्य तितका टाकीकडे वळवा. राब भाजल्यानं तण मरतं आणि राख मिळते हे खरं, पण कर्ब आणि नत्र हवेत जातात. राखेत क्षार असतात, त्यामुळे खाऱ्या मळ्याला तिचा फायदा नाही.

कुजण्याचं गणित

कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब ही ऊर्जा, नत्र हे अंग घडवायचं साहित्य. सुरुवातीला २५ ते ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असेल तर काम वेगानं होतं. २०० किलो पेंढ्यात सुमारे ८० किलो कर्ब आणि १.२ किलो नत्र, म्हणजे प्रमाण ६७ ला १. नुसता पेंढा त्यामुळे महिनोन्‌महिने पडून राहतो. त्यात गिरिपुष्पाचा ४०० ते ४५० किलो ओला पाला घाला. सुकल्यावर तो १०० किलोच्या आसपास भरतो, त्यात सुमारे ४२ किलो कर्ब आणि २.८ किलो नत्र. एकूण १२२ ला ४, म्हणजे प्रमाण ३० ला १. बांधावर गिरिपुष्प लावा असं सांगतात, ते यासाठी.

ढीग तापून ५५ ते ६५ अंशांवर गेला तर तणाचं बी आणि बरेच रोगकारक मरतात. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवा. घाण वास आला की हवा कमी पडते आहे असं समजा. अर्धकच्चं खत शेतात गेलं तर जिवाणू मातीतलंच नत्र खेचून घेतात आणि पीक पिवळं पडतं. तयार खत काळपट, भुसभुशीत, मातीच्या वासाचं आणि थंड असतं. खात्री करायची तर खतात हळीव पेरून पाहा. साध्या मातीत उगवतो तितकाच उगवला, की खत तयार.

रोपांचं माध्यम वेगळं

रोपाचा सगळ्यात नाजूक काळ उगवणीचा. तेवढा काळ त्याला खाऱ्या मातीपासून दूर ठेवा. ९८ खणांच्या ट्रेमध्ये २ भाग कोकोपीट आणि १ भाग बारीक चाळलेलं कंपोस्ट हे मिश्रण चालतं. कोकोपीटची वीट मात्र थेट वापरू नका. नारळाच्या काथ्यात सोडियम आणि पोटॅशियम साठलेलं असतं. गोड्या पाण्यात भिजवून, निथळून, पुन्हा भिजवून, निथळत्या पाण्याची ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत धुवा. ईसी मोजायचं छोटं पेनसारखं यंत्र चार शेतकऱ्यांनी मिळून घेतलं तरी पुरतं. चार-पाच आठवड्यांचं मजबूत रोप मळ्यात गेलं की ते थेट पेरलेल्या बीपेक्षा कितीतरी चांगलं तगतं.

किती, केव्हा

भाजीला हेक्टरी २० टन, म्हणजे गुंठ्याला सुमारे २०० किलो कंपोस्ट धरा. एका टाकीतून पंधरा गुंठे होतात. त्यानं चिकण मातीचे कण पुन्हा बांधले जातात, पाणी मुरायला वाट मिळते आणि पुढच्या पावसाळ्याचं धुणं अधिक खोल जातं. विकतचं कोंबडीखत खारट असू शकतं, बेतानं वापरा. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, म्हणजे क्लोराईडची भर पडणार नाही. नत्र एकदम न देता छोट्या हप्त्यांत द्या.

पहिल्या वर्षी सगळं शेत घेऊ नका. पाच गुंठे निवडा. त्यांना चर, आच्छादन आणि एक टन कंपोस्ट द्या, शेजारचे पाच गुंठे नेहमीसारखे ठेवा. मेच्या अखेरीस दोन्हीकडची ईसी मोजा आणि दोन्हीकडची तोडणी तोलून लिहून ठेवा. आपल्याच मळ्यातला असा आकडा हाती आला, की पुढचा पैसा चरावर घालायचा की टाकीवर, हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.