दवाखान्याबाहेरची विद्या

मध्य रेल्वेच्या मार्गावर डोंबिवली आणि दिवा यांच्या दरम्यान वसलेले कोपर हे स्थानक दुमजली आहे. खालच्या फलाटांवरून मुंबईच्या उपनगरी गाड्या धावतात आणि त्यांच्या माथ्यावरून वसईकडून पनवेलकडे जाणारा मार्ग आडवा निघून जातो. पश्चिमेस उल्हास नदीची खाडी, तिच्या आश्रयाने नांदलेली आगरी-कोळ्यांची जुनी गावठाणे, त्यांना वेढून उभ्या राहिलेल्या चाळी व इमारती आणि पूर्वेस काही अंतरावर डोंबिवलीची रासायनिक कारखान्यांची वसाहत, असा हा मुलूख आहे. याच मुलुखातील औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. डिसेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉन या करोनाच्या नव्या प्रकाराचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण डोंबिवलीतच आढळला. आणि ९ जून २०२५ रोजी येथून जवळच असलेल्या मुंब्र्याला, गर्दीमुळे गाडीच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. या घटनांत जखमींवर व रुग्णांवर उपचार करणे हे वैद्याचे काम खरेच; परंतु त्यांपैकी एकीचेही मूळ रुग्णाच्या शरीरात नव्हते. ते भूमिवापराच्या नकाशात, कारखान्यांच्या तपासणीच्या दफ्तरात, विमानमार्गांच्या जाळ्यात आणि रेल्वेच्या वेळापत्रकात होते, आणि तेथे ते शोधण्याचे शिक्षण आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत क्वचितच मिळते.

जागतिक आणि सामुदायिक आरोग्य या विषयाची आंतरविद्याशाखीय पदवी परदेशातील अनेक विद्यापीठांत बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला घेता येते, आणि जीवशास्त्र, संख्याशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, नीतिविचार व लोकप्रशासन यांचा एकत्र अभ्यास तीत अपेक्षित असतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने तर सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण प्रत्येक पदवीपूर्व विद्यार्थ्याला उपलब्ध असावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुणे विद्यापीठ यांनी हा विषय प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकविला. अठरा वर्षांच्या मुलामुलींना तो शिकवावा काय, आणि शिकवावयाचा तर कशासाठी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याचे उत्तर परदेशी अभ्यासक्रमांच्या पुस्तिकांपेक्षा महाराष्ट्राच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवात अधिक स्पष्टपणे सापडते, असे आम्हांस वाटते.

त्या अनुभवाचा प्रारंभ प्लेगपासून करणे उचित ठरेल. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. अवघ्या काही महिन्यांत, १० जानेवारी १८९७ रोजी, सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. आणि त्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. विज्ञान तत्पर होते आणि सरकारही तत्पर होते. परंतु पुण्यात घरोघर शिरून झडती घेणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ज्या लोकांचे प्राण वाचवावयाचे त्या लोकांच्या देवघराची, माजघराची आणि स्त्रियांच्या मर्यादेची काडीइतकीही जाण नव्हती, आणि त्या बंदोबस्ताची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाली. याच शहरात, याच वर्षी, याच रोगाशी सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत झुंजत होते. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, फौज नव्हती, परंतु लोक त्यांच्याकडे आपण होऊन येत होते. रुग्णांची शुश्रूषा करता करताच सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. औषधाची विद्या आणि माणसांची विद्या एकमेकींपासून फारकत घेतात तेव्हा काय घडते, याचे याहून प्रखर उदाहरण आपल्या इतिहासात सापडणे कठीण.

पुढे १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाची कारणमीमांसा करताना शहरातील विहिरींत पोसल्या जाणाऱ्या डासांकडे बोट दाखविले. शास्त्रदृष्ट्या निष्कर्ष बिनचूक होता. परंतु विहिरी झाकण्याच्या वा बुजविण्याच्या हुकुमांना हिंदू व पारशी मालकांनी धर्मभावनेच्या आधारे विरोध केला, कारण त्यांच्या लेखी विहीर हे पाण्याचे साधन तर होतेच, पण पूजास्थानही होते. कीटकशास्त्रज्ञाने दिलेल्या उत्तराला समाजशास्त्रज्ञाची जोड मिळाल्याखेरीज ते अमलात येत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो धडा शिक्षणात उतरावा असे प्रयत्न झालेच नाहीत, असे नव्हे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९३२ साली कलकत्त्यास सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली, आणि वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण देऊन त्याला ‘सामाजिक वैद्य’ बनवावे अशी अपेक्षा व्यक्त केली. त्याच समितीने अल्पमुदतीच्या लायसेन्शिएट डॉक्टरांची परंपरा बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडविण्याचा पुरस्कार केला. पहिल्या अपेक्षेचे पर्यवसान अभ्यासक्रमातील एका विषयात झाले, जो पुष्कळ विद्यार्थी परीक्षेपुरता वाचतात. दुसऱ्या निर्णयाचे परिणाम मात्र दूरवर पोहोचले, कारण पदवीधर डॉक्टर खेड्यात टिकेना आणि त्याच्या जागी कोण, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्या प्रश्नाचे सर्वांत धाडसी उत्तर महाराष्ट्राच्या एका अवर्षणग्रस्त तालुक्यातून आले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे अध्ययन केलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आले. त्यांनी प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांकरवी खेड्यांत आरोग्यसेवा पोहोचविण्याचा यत्न केला. परंतु त्या परिचारिका आणि गावातील बाया यांच्यातील सामाजिक अंतर औषधांनी भरून निघेना, तेव्हा त्यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा दलित, स्त्रियांना हे काम शिकविण्यास आरंभ केला. पाण्यासाठी कूपनलिका घेताना ती दलित वस्तीत घ्यावी असा त्यांनी आग्रह धरला, जेणेकरून पाणी हवे त्याने तेथेच यावे. रोगजंतूंचा, भूजलाचा आणि जातिव्यवस्थेचा एकाच वेळी केलेला हा विचार होता. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या प्रयोगावर स्वतंत्र प्रकरण आले, आणि तीनच वर्षांनी अल्मा-आटा येथे भरलेल्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्याच्या मागील प्रेरणांत जामखेडची गणना होऊ लागली. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापिले, तेव्हा त्यांनीही अशाच जाणिवेने नवागत विद्यार्थ्यांना प्रथम आश्रमात आणि नंतर दत्तक गावात मुक्कामास धाडून काही कुटुंबांशी त्यांचा दीर्घ परिचय घडवून आणण्याचा शिरस्ता घातला.

गडचिरोलीची हकीकत याहून वेगळी, आणि पदवीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अभय बंग यांनी वर्धा येथे असतानाच रोजगार हमी योजनेतील किमान मजुरीमागील हिशेब तपासून, श्रम करणाऱ्या शरीरास लागणाऱ्या अन्नाचा अंदाज त्यात कमी धरला गेल्याचे दाखवून दिले होते. आहारशास्त्राचा आकडा महसुली कारभारातील एका निर्णयास जाऊन भिडला होता. बाल्टिमोरहून शिकून परतल्यावर त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था उभारली. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून लिहिलेला निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. लोकसंख्या-नियंत्रणापलीकडे ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचारच न करणाऱ्या सरकारी धोरणास हा आकडा पुरेसा बोलका ठरला. पुढे नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला. निरक्षर सुइणींनाही अर्भकाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून मण्यांचे साधे गणनयंत्र तयार करण्यात आले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून हे काम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपविण्यात आले.

या सर्व प्रयोगांत तीन विद्या एकत्र नांदताना दिसतात: मोजण्याची, ऐकण्याची आणि कारभार चालविण्याची. यांपैकी एकही विद्या केवळ डॉक्टरची नव्हे; आणि तरीही आरोळे असोत वा बंग, त्या आत्मसात करण्यासाठी प्रथम डॉक्टर व्हावे लागले आणि मग समुद्रपार जावे लागले. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८६ साली पदवीच्या वेळी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. वैद्यक आणि लोकाचार यांच्या सांध्यावरचा हा विषय या जिल्ह्याच्या कन्येने निवडला होता, पण त्यास लागणारे शिक्षण त्या काळी या देशात तिला मिळण्याजोगे नव्हते. आज ते डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या महाविद्यालयात का मिळू नये, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार येथील विद्यार्थ्यांना आहे.

मात्र येथे एका गल्लतीपासून सावध राहिले पाहिजे. छत्तीसगडने २००१ साली खेड्यांसाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला; केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१३ मध्ये सामुदायिक आरोग्य या विषयातील बी.एस्सी. पदवीस मान्यता दिली; आणि दोन्ही वेळी डॉक्टरांच्या संघटनांनी अर्धवट डॉक्टर तयार होतील म्हणून कडाडून विरोध केला. या विरोधात व्यावसायिक मत्सराचा अंश असेल, परंतु त्या योजनांमागचे मूळ गृहीतच चुकीचे होते. कारण त्यांना पाहिजे होता तो डॉक्टरचा स्वस्त पर्याय. २०१८ पासून उपकेंद्रांवर नेमले जाणारे समुदाय आरोग्य अधिकारी हे, परिचारिका वा आयुर्वेद पदवीधर यांना अल्प प्रशिक्षण देऊन, त्याच गरजेची पूर्ती करतात. आम्ही ज्या पदवीचा विचार करीत आहोत, तिचा धारक औषधाची चिठ्ठी लिहिणार नाही, आणि लिहिण्याची त्याला गरजही नाही. त्याचा रुग्ण म्हणजे वॉर्ड, वस्ती आणि शहर.

असा विद्यार्थी काय शिकेल, हे कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात सांगता येईल. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या दफ्तरापासून त्याचा अभ्यास सुरू व्हावा. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिलेले असते तेव्हा ते मृत्यूचे कारण नसून मृत्यूचे केवळ वर्णन असते, हे त्याला कळावे. आणि अशा दाखल्यांची बेरीज करून शहराच्या आरोग्याचे धोरण आखणे किती धोक्याचे, हेही कळावे. दुसऱ्या वर्षी त्याने आयरे-भोपरच्या परिसरात, खाडीकाठी आणि कारखान्यांच्या सावलीत राहणाऱ्या कुटुंबांत वर्षभर जावे, आणि प्रश्नावली भरून घेण्यापूर्वी आगरी बोलीतले बोलणे निमूटपणे ऐकावे. तिसऱ्या वर्षी त्याने अंदाजपत्रक वाचावे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे सुमारे ५० हजार लोकसंख्येस एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती, म्हणजे त्याच हिशेबाने २५ केंद्रे हवीत, आणि त्यानंतर २०१५ मध्ये २७ गावे हद्दीत आली ती निराळीच. केंद्रे किती आहेत, त्यांत माणसे किती, आणि रिक्त जागा कोणत्या टेबलावर अडल्या आहेत, याचा शोध घेणे हाही आरोग्यशास्त्राचाच पाठ होय. जागतिक हा शब्द त्या पदवीच्या नावात शोभेसाठी नसावा. केप टाउनहून आलेला विषाणू, आखाती देशांतून परतलेला मजूर आणि बदलत्या हवामानात वाढलेला डेंग्यू हे तिघेही कोपरच्या फलाटावर उतरतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि त्यानुसार महाराष्ट्रात आलेल्या श्रेयांक-रचनेने या कामास अनुकूल अशी चौकट दिली आहे. मुख्य विषयाबरोबर उपविषय, क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना तीत स्थान आहे. तथापि चौकट म्हणजे चित्र नव्हे. क्षेत्रीय प्रकल्प म्हणजे चार घरांची छायाचित्रे आणि आयता अहवाल, अशी रूढी पडली तर वैद्यकीय महाविद्यालयांतील प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक या उपेक्षित विषयाचीच ही नवी आवृत्ती ठरेल.

याहून मोठी अडचण नोकरीची आहे, आणि ती दडवून ठेवणे विद्यार्थ्यांशी अप्रामाणिकपणाचे होईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याची शिफारस केली. २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने सामुदायिक सेवा व वर्तनविषयक आरोग्यशास्त्रे यांना स्वतंत्र गटाची मान्यता दिली. कागदावर दारे उघडली आहेत; परंतु ज्या हुद्द्यावर या पदवीधराने रुजू व्हावयाचे, तो हुद्दा मंजूर पदांच्या तक्त्यात असल्याखेरीज त्याला स्वयंसेवी संस्थांच्या मुदतबंद प्रकल्पांवर किंवा परदेशातील उच्चशिक्षणावर विसंबून राहावे लागेल, आणि पुन्हा एकदा आपल्या गावाचे आरोग्य शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागेल.

म्हणून आमचे म्हणणे असे की, विद्यापीठांनी नवी विषयपत्रिका छापण्यापूर्वी ठाणे, कल्याण-डोंबिवली यांसारख्या महापालिकांशी करार करावेत: विद्यार्थ्यांना दफ्तरे खुली करावीत, प्रत्येक वॉर्डास एक शिकाऊ आरोग्य-विश्लेषक द्यावा आणि त्याच्या अहवालास उत्तर देणे आरोग्य खात्यावर बंधनकारक करावे. ज्या वर्षी एखाद्या महापालिकेच्या भरतीच्या जाहिरातीत ही पदवी पात्रता म्हणून छापली जाईल, त्या वर्षी तिच्या उपयुक्ततेवर असा लेख लिहिण्याचे कारण उरणार नाही. तोवर तिची किंमत तिच्या नावावरून ठरू नये, तिच्या विद्यार्थ्याने किती दाखले तपासले, किती उंबरठ्यांवर बसून ऐकून घेतले आणि किती निर्णय बदलावयास लावले, यावरून ठरावी.